आबांचा अंगठा

माणसाने आग शोधली, चाक शोधलं, नांगर शोधला. पण या सगळ्यांच्या आधी त्याला भीती सापडली होती, आणि आजवर तो टिकला तो केवळ तिच्या जिवावर. शूरांनी इतिहास घडवला असेल, वंश मात्र भित्र्यांनीच चालवला. रंगाऱ्याच्या मुलाच्या मनात यातलं काहीही नव्हतं. रंग उडवायचं यंत्र घेऊन टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा तो परसातल्या संडासात आतून कडी लावून बसला होता, आणि बायको बाहेरून विचारत होती की टेम्पोवाल्याला चहा देऊन थांबवून ठेवू, की यंत्र इकडेच आणून देऊ.

गावात त्याला सगळे ससोबा म्हणत. शिडी तीनदा हलवून बघितल्याशिवाय तो चढत नसे, आणि उतरल्यावरही एकदा हलवून बघे. आपण वर असताना ती पडली असती का, हे त्याला नंतर का होईना, कळायला हवं असे. लग्नात घोड्यावर बसवायला निघाले तेव्हा त्याने घोड्याचं वय विचारलं होतं. बायकोला हे सगळं लग्नानंतर कळलं, पण तिने मनाला लावून घेतलं नाही. निदान हा माणूस विहिरीत पडून मरणार नाही, असं तिने माहेरी सांगितलं.

त्याचे वडील, आबा, गावचे जुने रंगारी. ते मात्र कशालाच घाबरत नसत. उंच टाकीवर एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने रंग मारणारा तो माणूस. ट्रॉलीच्या कडेने आबांनी पिवळी रेघ ओढली की वाटे, ही रेघ आधीपासून इथेच होती, यांनी फक्त वरची धूळ पुसली. पट्टी नाही, दोरा नाही. रेघ ओढून झाली की कुंचल्याचे केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ओढायचे, शेवटचा थेंब काढायचा आणि तो उजव्या मांडीवर विजारीला पुसायचा. लोंबता थेंब आबांना बघवत नसे. थेंब दिसला की अंगठा आपोआप पुढे जाई, मग तो कुंचल्याचा असो, नळाचा असो की नातवंडाच्या नाकाचा. त्यांच्या विजारीच्या उजव्या मांडीवर गावातली सगळी दारं होती. एखाद्याला आपल्या घराचा जुना रंग आठवत नसेल तर तो आबांना बसायला सांगून मांडी बघत असे.

यंत्र आलं ते गोदामामुळे. गावाबाहेरचं धान्याचं गोदाम म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक बोगदा. दोन वर्षं पत्रा गंजत होता आणि गंजाच्या भोकांतून ओल उतरून धान्य सडत होतं. या वर्षी पीक चांगलं होतं, आणि पीक यायच्या आत पत्रा आतून-बाहेरून रंगवून झाला पाहिजे, असं गोदामाच्या मुकादमाने बजावलं होतं. आबांच्या कुंचल्याने गोदाम पुरं होईपर्यंत पुढच्या वर्षीचं पीक दारात उभं राहिलं असतं. मुकादम म्हणाला, यंत्राने करा, नाहीतर मी शहरातले रंगारी बोलावतो. शहरातले रंगारी एकदा गावात शिरले की शाळाही त्यांची आणि टाकीही त्यांचीच, हे घरात सगळ्यांना कळत होतं. आबांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मुलाला यंत्र भाड्याने आणायला आणि शिकायला शहरात पाठवलं. मी बोटांनी शिकलोय, म्हणाले, आता बटणांनी शिकणार नाही.

शहरातल्या दुकानात शिकवायला एक म्हातारा मिस्त्री होता. त्याने सगळं नीट सांगितलं. हे यंत्र हवेने रंग उडवत नाही, तर रंगालाच दाबतं, इतकं की नोझलच्या सुईएवढ्या भोकातून तो धुकं होऊन बाहेर पडतो. त्या भोकापुढे हात न्यायचा नाही. नोझलवरचं पिवळं कवच काढायचं नाही. हा चाप, हा चापाचा खटका, तो लावला की चाप ओढला जात नाही. गन हातातून ठेवायची तर आधी खटका. बटण बंद केलं म्हणजे यंत्र बंद झालं असं समजायचं नाही, नळीत दाब तसाच बसलेला असतो. असं सगळं सांगून झाल्यावर त्याने आपला डावा हात पुढे केला. तर्जनी अर्धीच होती. हात आधी दाखवला असता तर बाकीचं सांगायची गरजच पडली नसती.

"टोचल्यासारखं होतं," मिस्त्री म्हणाला. "रक्त नाही, दुखणं नाही. म्हणून माणूस घरी जातो आणि जेवतो. मी जेवलो."

ससोबा परतला तो हे शेवटचे दोन शब्द घेऊन. टेम्पोतून यंत्र आलं त्या दिवसापासून रोज संध्याकाळी अंगणात यंत्रात साधं पाणी भरून तो सराव करू लागला, आणि प्रत्येक वेळी तोंडाने म्हणू लागला: खटका लाव. बटण बंद. दाब कमी. खटका काढ, बादलीत सोड. खटका लाव. चावी उघड. ही चावी यंत्राच्या पोटातला उरलासुरला दाब सोडून द्यायची. झोपेतही तो हेच म्हणायचा. बायको शेजारी झोपायची, त्यामुळे तिला ते नको असतानाही पाठ झालं. आबा ओट्यावरून ऐकायचे. तुला झोपवायला तुझ्या आईला एवढी अंगाई म्हणावी लागली नव्हती, म्हणायचे.

गोदामात काम सुरू झालं. पत्र्याखाली अशी धग की सकाळीच पाठीवरून घाम विजारीच्या नाडीपर्यंत उतरायचा. ससोबाने दोन्ही टोकांचे दरवाजे सताड उघडायला लावले, कारण रंगात थिनर, आणि थिनरची वाफ डोक्यात जाते आणि ठिणगीलाही बोलावते. आबांची बिडी बाहेर लिंबाखाली गेली. प्लास्टिकची बादली जाऊन लोखंडाची आली, यंत्राची अर्थिंगची तार जमिनीत गाडली गेली. ससोबाने तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला बायकोची जुनी ओढणी बांधली. शेतातून जाणारी एक म्हातारी थबकली आणि हे बुजगावणं आत का उभं केलंय, असं तिने विचारलं.

यंत्र चालू झालं की पोटात गुरगुरायचं. नळी एखाद्या जनावरासारखी अंग आवळायची. ससोबाचे दोन्ही हात गनवर, कोपर अंगाला चिकटलेलं, पाय मागेपुढे, आणि राखाडी धुकं पत्र्यावर बसत जायचं. काम झपाट्याने होत होतं, हे आबांनाही नाकारता येईना. ते मागून कुंचला घेऊन कोपरे आणि काठ करत यायचे आणि यंत्राने मारलेल्या रंगाकडे सावत्र नातवाकडे बघावं तसं बघायचे. संध्याकाळी ससोबाच्या पापण्या राखाडी व्हायच्या. सून त्या खोबरेल तेलाने पुसायची. पुसताना तिच्या बोटांना कळायचं, की काम संपलं तरी नवऱ्याच्या पापण्या थरथरताहेत.

तो हळू होता. चार हात पत्रा झाला की थांब, खटका लाव, नळी बघ, खटका काढ. मुकादम रोज दुपारी जीप घेऊन यायचा आणि दारात उभा राहून बघायचा. एका दुपारी त्याच्याबरोबर तोलाईचे हमालही होते. ससोबा गन खाली ठेवण्याआधी दोनदा खटका तपासत होता.

मुकादम म्हणाला, "ससोबा, गोदाम रंगवतोयस की बॉम्ब निकामी करतोयस?"

हमाल हसले. त्याचं ससोबाला काही वाटलं नाही. आयुष्यभर तो हसण्याच्या त्या बाजूलाच उभा होता. पण कोपऱ्यातून आणखी एक हसू आलं, आणि ते आबांचं होतं. घरात आबा काहीही बोलत, पण चारचौघांत ते मुलावर कधी हसले नव्हते. ससोबाने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नोझलवरचं पिवळं कवच काढून ठेवलेलं त्याला दिसलं. आबा त्याला टोपडं म्हणत. टोपड्यात रंग साचतो आणि माझ्या काठांवर ठिपकतो, हे त्यांचं रोजचं गाऱ्हाणं होतं. ससोबाने कवच बघितलं, गन बघितली. तोंड उघडलं आणि मिटलं. मास्क होता, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

त्या दिवशी त्याने भराभर काम केलं. आबा एकदा म्हणाले देखील, आज कसा माणसासारखा चाललायस. जेवणाच्या सुमाराला वीज गेली.

त्या गावात वीज जाणं म्हणजे सुट्टी. गिरणी थांबते, मोटार थांबते, आणि जो जिथे असेल तिथे बूड टेकतो. यंत्राची गुरगुर बंद झाली आणि गोदामात अशी शांतता पसरली की पत्रा तापल्याची टकटक ऐकू येऊ लागली. सून जेवणाचे डबे उघडायला बसली. मुकादम नुकताच आला होता, तोही पोत्यांवर टेकला. ससोबाने गन बादलीच्या काठावर ठेवली. खटक्याकडे त्याचा हात गेला आणि मागे आला. वीजच नाही. सगळे बघताहेत. एकदा नाही लावला तर काय होतं, असं म्हणून तो दाराजवळच्या बोर्डाकडे बटण बंद करायला निघाला.

आबा पाणी प्यायला उठले. वाटेत बादली होती, बादलीवर गन होती आणि गनच्या टोकाला एक राखाडी थेंब लोंबत होता.

त्यांनी गन डाव्या हातात उचलली, कुंचला उचलावा तशी, चापासकट अख्खी मूठ आवळून. उजवा अंगठा थेंबाकडे गेला.

आवाज फार झाला नाही. सोड्याची बाटली उघडावी, तेवढा. ससोबा बोर्डापर्यंत पोहोचला नव्हता. तो मागे वळला तेव्हा आबा अंगठा विजारीला पुसत होते.

"काय झालं?"

"काही नाही. टोचलं."

ससोबाने जवळ जाऊन हात धरला. अंगठ्याच्या पेरावर खसखशीच्या दाण्याएवढा राखाडी ठिपका होता. रक्त नाही. आबा म्हणाले, दुखतही नाही.

दुखतंय म्हणाले असते तर ससोबा एवढा घाबरला नसता. त्याच्या कानात दुकानातल्या मिस्त्रीचा आवाज आला, आणि तेवढ्यात आबा मांडी घालून बसले आणि त्यांनी डबा पुढे ओढला.

"आबा, उठा. दवाखान्यात जायचंय."

आबांनी घास करायला घेतला. जेवून जाऊ, म्हणाले, आणि जायचंच कशाला, हळद लावू. मुकादमाने पोत्यावरूनच ठिपका बघितला आणि काटा रुतल्यावर आमच्या घरात याच्या दसपट आरडाओरडा होतो, असं सांगितलं. ससोबा उभा होता. मग त्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. मुलाने बापाच्या पुढ्यातला डबा उचलला.

"मिस्त्री जेवला होता," तो म्हणाला.

"कोण मिस्त्री?"

"मी खटका लावला नव्हता आबा. तुम्ही हसलात म्हणून लावला नाही. आता हसा नाहीतर मारा, पण जेवायचं नाही."

मुकादम हसला नाही, कारण ससोबाने डबा काखेत मारून दुसरा हात जीपच्या किल्लीसाठी त्याच्यापुढे धरला होता. स्वतःला गाडी येत नाही, हे तो विसरला होता. मुकादम मुकाट्याने उठला. आबाही उठले. मुलाचं म्हणणं त्यांना पटलं होतं असं नाही. डबा जीपकडे निघाला होता, म्हणून तेही निघाले.

जीप हलताना ससोबाने मान बाहेर काढून बायकोला ओरडून सांगितलं, "त्याच्यात दाब आहे! बटण चालूच आहे!" पुढचं धुळीत गेलं.

सून गोदामात एकटी उरली. आणि यंत्र.

ते गप्प होतं. नळी आवळलेली होती आणि आबांनी टाकून दिलेली गन जमिनीवर तोंड दाराकडे करून पडली होती. सुनेने आयुष्यात साप मारला होता, पिसाळलेल्या कुत्र्याला चुलीतलं लाकूड दाखवलं होतं. पण ती जनावरं निदान अंगावर यायच्या आधी हलायची. हे हलत नव्हतं. वीज कुठल्याही क्षणी आली असती. पळून घरी जावं, असं तिला फार वाटलं. पण आज ना उद्या हमाल येणार, कुणीतरी ती गन उचलून कौतुकाने बघणार. आणि कुणाचं तरी पोर.

तिने पदर खोचला. तोंडापुढून न जाता भिंतीच्या कडेकडेने ती मागून आली. नवरा झोपेत म्हणायचा तसंच, त्याच चालीवर, ती मोठ्याने म्हणू लागली. खटका लाव. गन उचलताना बोटं चापापासून अशी लांब धरली की हाताला गोळा आला. खटका टक् करून बसला. बटण बंद. बोर्डापर्यंत ती पळत गेली आणि दोन्ही बटणं पाडली, एक यंत्राचं आणि एक कशाचं होतं देव जाणे. दाब कमी. दाब कमी-जास्त करायचं बिरडं शेवटपर्यंत उलटं फिरवलं. खटका काढ, बादलीत सोड. गनचं लोखंड बादलीच्या लोखंडाला टेकवून, तोंड फिरवून तिने चाप ओढला. रंग अशा जोराने सुटला की बादली सरकली आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो कुणी ऐकला नाही, हे बरंच झालं. मग जोर ओसरला, धार झाली, थेंब झाले. नळी ढिली पडली. खटका लाव. चावी उघड.

ती खाली बसली. तेवढ्यात बाहेरची मोटार घुर्र झाली आणि दारावरचा दिवा लागला. वीज आली होती. यंत्र गप्पच राहिलं. सून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि मग तिला जोराची भूक लागली.

इकडे जीपमध्ये आबा बोलत होते. नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. कोपरे वाळायच्या आत दुसरा हात द्यायला हवा होता, कुंचले थिनरमध्ये ठेवलेत का, मुकादमसाहेब तुमच्या जीपचा रंग कुणी मारला, फार वाईट मारलाय. ससोबा त्यांचा हात वर धरून बसला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला मुकादमाला हळू घ्या, हळू घ्या म्हणत होता. मग आबांचं बोलणं तुटक झालं. मग थांबलं. अंगठा फुगला होता, पांढरट आणि थंड झाला होता. आबांनी दुसऱ्या हाताने मुलाचं मनगट धरलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा पोराला धीर देतोय. पण नखं रुतत होती.

जवळच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. समोर दुपारची रांग होती, आणि एक राखाडी पापण्यांचा माणूस डोक्याला ओढणी बांधून, काखेत डबा मारून रांग मोडत आत घुसला, म्हणून तिने आधी त्याचीच नाडी बघायला घेतली. ससोबाने एका दमात सांगितलं. दाबाचं यंत्र, नोझल, अंगठा, दुखत नव्हतं, आता दुखतंय.

"कुठला रंग? पाण्यातला की थिनरचा?"

"थिनरचा."

तिचा चेहरा बदलला. इथे काही करायचं नाही, ती म्हणाली, बोटात सुईसुद्धा टोचायची नाही. हे बाहेरून दिसतं तेवढं नाही, रंग आत हातभर पसरलेला असू शकतो आणि तो मांस जाळतो. मोठ्या रुग्णालयात जा, हाताचे सर्जन आहेत, मी फोन करून ठेवते. तोंडात काही घालू नका. जेवलात का?

"नाही," आबा म्हणाले, आणि मुलाच्या काखेतल्या डब्याकडे त्यांनी प्रथमच वेगळ्या नजरेने बघितलं.

आत्तापर्यंत ही भीती एका भित्र्या माणसाची घरगुती भीती होती. आता तिला डॉक्टरांची पदवी मिळाली, आणि त्यामुळे ती सगळ्यांना परवडू लागली. मुकादम सर्वांत जास्त घाबरला. त्याने जीप सुरू केली आणि सवयीने मागे बघून म्हणाला, हळूच घेतो.

"हळू घेऊ नका," ससोबा म्हणाला.

मोठ्या रुग्णालयात अंगठ्याचा फोटो काढला. सर्जन बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं, अंगठा पेरापासून तळव्यापर्यंत उघडावा लागेल, धुवावा लागेल, जे मेलंय ते काढावं लागेल. अंगठा राहील की नाही, ते उघडल्यावर कळेल. काम काय करता?

"रेघ ओढतो," आबा म्हणाले.

सर्जनांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आबा मात्र त्यांच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "जरा हात पुढे करा बघू." सर्जनांनी बोटं पसरून हात पुढे केला. आबांनी तो या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. हललेला नव्हता. "बरा आहे," आबा म्हणाले, आणि खाटेवर आडवे झाले.

एवढ्यात नर्स रुग्णालयाची विजार घेऊन आली. कोरी, पांढरी, उजवी मांडी रिकामी. ती नाडी बांधायला पुढे झाली तर आबा हात वर धरलेले, वेदनेने ओठ आवळलेले, तरी तिला थांब म्हणाले. परक्या बाईकडून मी नाडी बांधून घेत नाही. पाठ फिरवून, नाडीचं लांब टोक दातांत धरून, डाव्या हाताने त्यांनी स्वतःच गाठ मारली. मग त्यांना आत नेलं. दार बंद होताना त्यांनी मान वळवून बघितलं, आणि ससोबाला दिसलं की आबांच्या पापण्या थरथरताहेत. पापण्यांवर रंग नव्हता.

बाहेर बाकावर ससोबा बसून राहिला. काखेतला डबा काढून ठेवायचं त्याला सुचलं नाही. ऊन भिंतीवरून सरकून गेलं तेव्हा सून सासूला घेऊन आली. आईने मुलाकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं आणि विचारलं, वाचेल ना. आई, अंगठा आहे, तो म्हणाला. मी त्याचंच विचारतेय, ती म्हणाली. माणूस काय, तो कुठे मरतोय. पण अंगठा गेला तर तो घरात बसेल, आणि घरात बसला तर मला जगू देणार नाही. एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून रडली.

खटक्याचं त्याने आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बायको त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, यंत्र निजलंय. नळीही थिनरने धुऊन काढली, नाहीतर रंग आत दगड झाला असता. त्याने तिच्या हातांकडे बघितलं. दहा बोटं. त्याने ती दोनदा मोजली. मोजून देऊ का, तिने विचारलं, मग डबा काखेतून काढून घेतला आणि त्याला खायला घातलं.

सर्जन बाहेर आले. रंग तळव्यापर्यंत पोहोचला होता, म्हणाले, पत्र्याच्या रंगाचा. धुतलाय. उद्या-परवा पुन्हा उघडून बघावं लागेल. नख जाईल, सांधा किती वाकेल सांगता येत नाही. पण अंगठा जागेवर आहे. मग ते म्हणाले, लोक ठिपका बघून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी येतात, तेव्हा मला फक्त कापायचं काम उरतं. यांना लगेच कुणी आणलं? आईने मुलाकडे बोट केलं. मुकादम म्हणाला, आमचा ससोबा, आणि म्हटल्यावर खाली बघू लागला.

सकाळी खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा आबा जागे होते. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधून वर टांगलेला. ससोबा खाटेशी बसला होता. त्याने रात्रभर मनात जुळवलेलं होतं. माफी, खटका, टोपडं काढलेलं दिसूनही गप्प बसलो ते, आणि यापुढे मी कुणी हसलं तरी, वगैरे. पहिलं वाक्य घशापर्यंत आलं होतं.

पण आबांनीच खाकरून घसा साफ केला. बायकांकडे बघितलं, दोघी पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. मग त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, आणखी जवळ बोलावलं. डोळे भरलेले होते.

"ऐक," ते म्हणाले. "आयुष्यात मी कधी कुणाला बोललो नाही. तुला तर नाहीच. पण आज बोलावं लागतंय."

"बोला आबा," ससोबा म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरले.

"काल मारलेली गाठ आवळून बसलीय. एका हाताने सुटत नाही. त्या नर्सबाईला सांगायची मला भीती वाटते." त्यांनी दाराकडे बघितलं आणि पाय एकमेकांजवळ घेतले. "नाडी तेवढी सोड. लवकर."